तिसऱ्या मजल्यावरची सभा

लिफ्टवाल्याला त्याच्या कंपनीत सगळे मौनीबाबा म्हणत. तो मुका होता असं नाही, पण जिथे दहा शब्द लागतात तिथे तो दोनांत भागवायचा, आणि जिथे दोन पुरतात तिथे नुसती मान हलवायचा. सव्वीस वर्षं तो लिफ्ट दुरुस्त करत होता. या सव्वीस वर्षांत साहेबांनी त्याला दोनदा सुपरवायझर व्हायला सांगितलं, आणि दोन्ही वेळा तो हात जोडून म्हणाला, "साहेब, यंत्र माझं ऐकतं. माणसांना सांगणं आपल्याच्यानं व्हायचं नाही." घरी बायकोनं कपाळाला हात लावला. "लोक खुर्चीसाठी डोकी फोडतात, आणि आमचे हे चालून आलेल्या खुर्चीला पाठ दाखवून येतात."

त्याला एकच मुलगी. लहानपणी बसवावी तिथे लाकडी बाहुलीसारखी बसून राहायची, म्हणून घरात तिचं नाव ठकी पडलं ते पडलंच. ठकी आता विद्यापीठात व्यवसाय व्यवस्थापनाच्या शेवटच्या वर्षाला होती. घरात तीही बापावर गेलेली. जेवताना डोळे फोनमध्ये, काही विचारलं तर 'हं', आणि नाही विचारलं तर तेही नाही. आई म्हणायची, "मी संसार नाही केला, दोन खांब उभे केलेत. छप्पर मात्र माझ्याच डोक्यावर."

त्या आठवड्यात ठकी एवढंच बोलली होती, की शनिवारी विभागाचा 'नेतृत्व आणि करिअर दिन' आहे आणि तिला सकाळी सहाला निघायचंय.

"म्हणजे असतं काय त्यात?" आईनं विचारलं.

"कंपन्यांचे लोक येतात. मोठ्या पाहुण्यांचं भाषण असतं. मुलाखतीची तालीम घेतात, बायोडेटा तपासून देतात."

"आणि तू काय करणार?"

"मदत," ठकी म्हणाली, आणि विषय संपला.

शनिवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास लिफ्टवाला एका दवाखान्याच्या लिफ्टला ग्रीस लावत होता, तेवढ्यात ऑफिसातून फोन आला. विद्यापीठाची बिझनेसची इमारत, लिफ्ट अधेमधे अडकलेली, आत सहा माणसं. त्या भागाचा मेकॅनिक रजेवर होता आणि त्यातल्या त्यात जवळ हाच होता. "निघतो," तो म्हणाला. पिशवी खांद्याला लावली आणि दोन गल्ल्या जवळजवळ पळतच ओलांडल्या. वाटेत त्याच्या मनात आलं, ठकी तिथेच असणार. कुठेतरी खुर्च्या लावत असेल, नाहीतर पाण्याच्या बाटल्या वाटत असेल.

इमारत पाच मजल्यांची, चौकोनी. मधे मोकळा चौक आणि प्रत्येक मजल्याला चौकाभोवती फिरणारी कठड्याची गॅलरी. तळमजल्यावर कंपन्यांची टेबलं मांडलेली होती. कोऱ्या करकरीत ब्लेझरमधली पोरं-पोरी फाइल छातीशी धरून रांगेत उभी होती. कुणी भिंतीकडे तोंड करून ओठ हलवत होतं, उत्तरं पाठ करत असावं. एकाच्या ब्लेझरच्या बाहीला अजून दुकानाचं लेबल लटकत होतं. पिशवीवाल्या माणसाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. जिन्याशी म्हातारा वॉचमन मात्र डोळे लावून उभा होता.

"या, या. तिसऱ्या-चौथ्याच्या मधे अडकलीय. पाहुण्या बाई आत आहेत, कागद कारखान्याच्या. त्यांचा गुडघा धरतो, म्हणून लिफ्टनं वर नेत होते. हॉल पाचव्यावर ना!"

दोघं जिना चढू लागले. अडकलेल्या लिफ्टसमोर काय दृश्य असतं हे लिफ्टवाल्याला पाठ होतं. एक जण दारावर बुक्क्या मारत असतो, तिघं वेगवेगळ्या लोकांना फोन लावत असतात, आणि उरलेले सगळे 'मी आधीच म्हणालो होतो' असं एकमेकांना सांगत असतात. आत अडकलेल्यांपेक्षा बाहेरच्यांनाच आवरावं लागतं. पण आज तिसऱ्या मजल्याच्या तोंडाशी दोन मुलं शांतपणे उभी होती आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना सांगत होती, "इकडून बंद आहे, पलीकडच्या जिन्यानं जा." लिफ्टपाशी पाच-सहाच माणसं. बुक्क्या नाहीत, आरडाओरडा नाही. आणि लिफ्टच्या दाराशी, फरशीवर मांडी घालून, दाराच्या फटीला तोंड लावून एक मुलगी बोलत होती.

"आत्ता दहा त्रेचाळीस झालेत. मेकॅनिक पोचतोच आहे. तो आल्यावर साधारण वीस मिनिटं लागतील. जास्तही लागू शकतात. लागली तर मी तसं सांगेन, खोटं सांगणार नाही. हवा संपत नसते, वर जाळी आहे, तिथून येत राहते. सगळ्यांनी खाली बसून घ्या. दाराला टेकू नका."

लिफ्टवाला जागच्या जागी थांबला.

आवाज ओळखीचा होता, तरी असा त्यानं कधी ऐकला नव्हता. आणि शब्द तर त्याचेच होते! जेवताना कधीमधी बायको विचारायची, आज काय झालं, आणि तो दोन घासांच्या मधे काहीबाही सांगायचा. अडकलेल्या माणसाला खरी वेळ सांगावी, 'पाचच मिनिटं' म्हणून पंचवीस लावली की माणूस आतल्या आत खचतो. हवा संपत नाही, धीर संपतो. खाली बसवावं. लिफ्ट दाराशी आल्याशिवाय दार उघडू नये, खाली मोकळी विहीर असते. तेव्हा ठकी समोरच असायची, ताटात एक हात आणि फोनवर दुसरा. तो भिंतीला सांगावं तसं सांगत होता. आणि ही ऐकत होती तर!

मुलीनं वळून पाहिलं. "बाबा!" एवढंच तिच्या तोंडून निघालं. पुढच्या क्षणाला ती भिंतीचा आधार घेत उठली आणि शेजारच्या सूटवाल्या गृहस्थांना म्हणाली, "सर, हे माझे वडील. लिफ्टचे मेकॅनिक आहेत." मग बापाकडे वळून, एका दमात पण घाई न करता, "आत सहा जण आहेत. मॅडम सत्तरच्या पुढच्या, गुडघा दुखतोय, पण शांत आहेत. एक प्राध्यापक, चार मुलं. एका मुलीचा श्वास फार जोरात चाललाय, तिला मी आकडे मोजायला लावलेत. आतला फोन लागत नाही. लिफ्टचा तळ या फरशीपासून कमरेइतका वर आहे, दाराच्या काचेतून दिसतोय. आणखी काय सांगू?"

सव्वीस वर्षांत त्याला जागेवर पोचल्या पोचल्या असा तपशील कुणी दिला नव्हता. ना सोसायटीच्या चेअरमननं, ना पोलिसानं, ना अग्निशमनवाल्यांनी.

"काही नको," तो म्हणाला.

तेवढ्यात एक मुलगा धापा टाकत आला. "ताई, वर हॉलमध्ये गोंधळ चाललाय. मुलं उठायला लागलीत."

"शेवटच्या चार रांगांना खाली मुलाखतींना पाठव, त्यांची दुपारची वेळ आत्ता लावून टाक. मुलाखत घेणाऱ्यांशी मी बोललेय. पुढच्या रांगांना खरं काय झालंय ते सांग. लपवू नकोस, नाहीतर ते आपापल्या गोष्टी रचतील. आणि पाणी फिरव." मुलगा निघाला तशी तिनं त्याला पुन्हा हाक मारली. "आणि तू स्वतः पाणी पी. घशाला कोरड पडलीय तुझ्या."

लिफ्टवाला तोंड उघडं टाकून बघत राहिला. खाण तशी माती म्हणतात. पण ही माती कुठल्या खाणीतली? त्याच्या सात पिढ्यांत कुणी चार माणसांना एका रांगेत उभं केलं नव्हतं.

सूटवाले गृहस्थ विभागप्रमुख होते. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि दर अर्ध्या मिनिटाला ते घड्याळ बघत होते. "हे पाहा, तुमच्याकडे दार उघडायची किल्ली असते ना? मग उघडा. कमरेइतकंच तर वर आहे. मुलं उड्या मारतील, मॅडमना आपण धरून उतरवू. अकराला भाषण आहे, वर सहाशे मुलं बसलीत!"

"नाही," लिफ्टवाला म्हणाला.

"नाही म्हणजे? का नाही?"

उमेदवारीच्या वर्षात त्यानं असं उघडलेलं एक दार पाहिलं होतं आणि त्या दारातून उडी मारलेला माणूसही. त्याबद्दल तो आजवर कुणाशी, अगदी बायकोशीही, बोलला नव्हता. त्यानं आताही नुसती मान हलवली.

"अहो, मी या विभागाचा प्रमुख आहे!"

"सर," ठकी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, उलट अर्ध्या पट्टीनं खालीच आला होता. "लिफ्टच्या तळाखाली मोकळी विहीर आहे. उडी मारणाऱ्याचा तोल मागे गेला, तर तो त्या फटीतून सरळ तळाला जाईल. लिफ्ट आधी दाराशी आणायची, मग दार उघडायचं. त्याआधी नाही." ती क्षणभर थांबली. "सर, वर मुलं अस्वस्थ झालीत. माझं ती ऐकतील न ऐकतील, तुमचं ऐकतात. तुम्ही जाऊन दहा मिनिटं त्यांच्याशी बोलाल का?"

विभागप्रमुखांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा दाराकडे. मग टाय सारखा केला आणि जिन्याकडे वळले. वर चढताना त्यांची चाल बदललेली होती. कुणी हाकललेला माणूस असा चालत नाही, मोलाच्या कामावर निघालेला चालतो.

मशीनची खोली गच्चीवर होती. लिफ्टवाल्यानं मुख्य स्विच खाली पाडून त्याला कुलूप घातलं. आता ब्रेक सैल करून हातानं चाक फिरवायचं आणि लिफ्ट कमरेइतकी खाली सोडायची. या कामाला दोन माणसं लागतात, असा नियम आहे. कंपनीचा दुसरा माणूस शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होता, यायला त्याला तास लागला असता, आणि खाली एक पोरगी श्वास मोजत बसली होती. लिफ्टवाल्यानं वॉचमनकडे पाहिलं.

"पंधरा वर्षं गिरणीत होतो मी," वॉचमन म्हणाला. "सांगाल ते धरीन आणि सांगाल तेव्हाच सोडीन."

त्याला ब्रेकची दांडी कशी ओढायची, कशी सोडायची ते दोनदा करून दाखवलं. मग आणखी एक अडचण पुढे आली. लिफ्ट कुठल्या मजल्याला टेकली हे कळावं म्हणून दोरांवर रंगाच्या खुणा असतात. दोर गेल्या वर्षी बदलले होते आणि नव्या दोरांवर कुणी खुणाच केल्या नव्हत्या. म्हणजे वरून काही दिसणार नाही. तिसऱ्या मजल्यावर, दाराच्या काचेला डोळा लावून सांगणारं कुणीतरी हवं.

त्यानं ठकीला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि फोन शर्टाच्या खिशात ठेवला.

पलीकडे रिंग वाजत होती. ती फोन उचलायच्या आत, दांडीवर हात ठेवता ठेवता वॉचमन हळूच म्हणाला, "एक सांगू का? तुमची मुलगी म्हणून सांगतो. सकाळी आठलाच मी तिला म्हणालो होतो, लिफ्ट धक्के खातेय, आज बंद ठेवा, कंपनीला फोन करा. ती म्हणाली, मॅडमचा गुडघा आहे काका, एवढी एक खेप होऊ दे, मग बंद करू. आणि चारच माणसं न्या म्हणालो होतो, तर सहा भरली."

लिफ्टवाल्यानं चाकावर दोन्ही हात रोवले. खिशातून आवाज आला, "बाबा, मी दाराशी आहे. आतल्यांना सांगितलंय, आता लिफ्ट हळूहळू खाली येईल, आवाज होईल, घाबरू नका. तुम्ही सांगा."

"तू सांग," लिफ्टवाला म्हणाला. "मला दिसत नाही. तू सांगशील तसं."

"बरं. सोडा."

त्यानं वॉचमनला मान हलवून खूण केली. दांडी ओढली गेली, चाक त्याच्या हाताखाली जिवंत झालं, आणि विहिरीतून एक लांब, जडशीळ कण्हणं वर आलं.

"येतेय... येतेय... अजून हातभर राहिलंय. थांबा."

तो थांबला.

"एक जण घाबरून उभा राहिलाय. बसवते." खिशातून तिचा आवाज दुसरीकडे वळलेला ऐकू आला, "बसून घ्या, हे माझ्या सांगण्यावरूनच चाललंय. मी थांबा म्हटलं की थांबतं. बघितलंत ना?" मग पुन्हा जवळून, "सोडा."

चाक फिरलं. आजवर त्यानं किती वेळा हे केलं असेल, शंभरदा, दीडशेदा. पण त्या खोलीत, त्या दोरांसमोर, स्वतःच्या लेकीच्या शब्दावर एवढ्या वजनाचं लोखंड सोडताना त्याच्या अंगावर काटा आला. यात भीतीचा काटा थोडाच होता. देवळाच्या गाभाऱ्यात पाऊल टाकताना येतो तसला होता तो.

"वीतभर... चार बोटं... दोन... थांबा! आलं, बाबा. फरशीला फरशी."

ब्रेक बसला. वॉचमननं दांडी सोडली आणि कपाळ पुसलं. "पोरगी आहे का मोजपट्टी!" तो म्हणाला.

लिफ्टवाल्यानं खाली येऊन तिकोनी किल्लीनं दार उघडलं. श्वास मोजणारी मुलगी आधी बाहेर आली आणि ठकीच्या गळ्यातच पडली. ती म्हणाली, "चारशे बारापर्यंत गेले होते." मग उरलेली मुलं, मग प्राध्यापक, आणि सगळ्यांत शेवटी, काठी टेकत, कापलेल्या पांढऱ्या केसांच्या, अंगानं बारीक अशा पाहुण्या बाई.

"वरून लिफ्ट तुम्ही सोडत होतात?" त्यांनी लिफ्टवाल्याला विचारलं.

"हो."

"आणि सांगत कोण होतं?"

त्यानं हनुवटीनं ठकीकडे दाखवलं.

विभागप्रमुख तोवर खाली आले होते. संकट टळलं की दडपलेला राग वर येतो, तसं त्यांचं झालं, आणि समोर पिशवीवाला माणूस आयता उभा होता. "तुमच्या कंपनीला पत्र जाणार आहे, सांगून ठेवतो! देखभालीचा करार कशाला करतो आम्ही? आज काही झालं असतं तर? लक्ष कुठे असतं तुमचं?"

ही लिफ्ट त्याच्याकडे नव्हतीच. पण लिफ्टवाल्यानं मान खाली घातली. असं पुष्कळ त्यानं गिळलेलं होतं, आणि आज तर त्याला ते गोडच वाटत होतं. आपल्यावर जाऊ दे, पोरीचा दिवस निभावू दे. वॉचमनला नंतर गाठू, सांगू बाबा काही बोलू नकोस. त्यानं मनात सगळं ठरवूनही टाकलं.

"सर, चूक माझी आहे," ठकी म्हणाली.

शेजारची मुलं वळून बघू लागली.

"वॉचमनकाकांनी सकाळी आठला मला सांगितलं होतं, की लिफ्ट धक्के खातेय, बंद ठेवा. मी कंपनीला फोन केला नाही. वाटलं, मॅडमना पाच मजले चढवायचे कसे, एक खेप होऊन जाऊ दे. चारच माणसं न्या असंही ते म्हणाले होते. मी सहा पाठवली, कारण फोटोला सगळे हवे होते. वडिलांना यातलं काही माहीत नाही, ही लिफ्ट त्यांच्याकडे नसते. निर्णय माझा होता."

लिफ्टवाल्याला वाटलं, अगं वेडे, कोण विचारत होतं तुला? पण त्याच क्षणी आणखीही काहीतरी वाटलं, ज्याला त्याच्याजवळ शब्द नव्हता. उंच डोंगराच्या पायथ्याशी उभं राहून वर बघितलं की बोलणं आपोआप बंद होतं, तसं काहीसं.

पाहुण्या बाईंनी काठीवर दोन्ही हात ठेवले. "हे कुणाकुणाला ठाऊक होतं?"

"मला आणि वॉचमनकाकांना."

"म्हणजे तू बोलली नसतीस तर कुणाला कळलं नसतं."

"काकांना कळलेलंच होतं ना, मॅडम," ठकी म्हणाली. "ते रोज दारात उभे असतात. मला रोज त्यांच्यासमोरून जायचंय."

बाई म्हणाल्या, "ते असो. आता मला ना चढवत, ना उतरवत. गुडघ्यानं हात टेकलेत. तुमच्या सभेचं काय करणार?"

ठकी कठड्याशी गेली, वर पाहिलं, खाली पाहिलं. पाच मजल्यांच्या गॅलऱ्या चौकाभोवती एकावर एक रचलेल्या. ती परत आली तेव्हा तिचा चेहरा बदललेला होता.

"मॅडम, तुम्ही इथेच बसा. सभा मी तुमच्याकडे आणते."

पुढची अकरा मिनिटं लिफ्टवाल्याला पुरती बघायला मिळाली नाहीत, कारण त्याला गच्चीवर जाऊन खराब भाग काढायचा होता. पण कानांवर सगळं येत होतं. एकाच वेळी शेकडो पावलं जिन्यांवरून उतरण्याचा आवाज, कुठे धक्काबुक्की नाही, मधेच कुणाचं तरी हसणं, माइकची खरखर, आणि त्या सगळ्यातून अधूनमधून एक बारीक, स्वच्छ आवाज. "डावीकडून जा. प्रत्येक गॅलरीत दोनच रांगा. पुढची रांग बसेल. कठड्यापासून हातभर मागे, कुणी रेलायचं नाही, कुणी वर चढायचं नाही."

मग अचानक सगळं शांत झालं. हातातला पाना खाली ठेवून लिफ्टवाला गच्चीच्या कठड्याशी आला आणि त्यानं खाली चौकात वाकून पाहिलं.

पाचही मजले माणसांनी भरले होते. खाली तळमजल्यावर कंपन्यांचे लोकही टेबलं सोडून चौकात येऊन उभे होते आणि माना वर करून बघत होते. चारी बाजूंनी, थरांवर थर, तरुण चेहरेच चेहरे, आणि सगळे चेहरे एकाच जागेकडे वळलेले. तिसऱ्या मजल्यावर, बंद लिफ्टसमोर, एका साध्या खुर्चीवर पाहुण्या बाई बसल्या होत्या, पाय दुसऱ्या खुर्चीवर उचलून ठेवलेला. त्यांच्या शेजारी माइक धरून ठकी उभी होती. वरून ती एवढीशी दिसत होती, अंगठ्याएवढी. चौकातून ऊन तिरकं उतरत होतं. एवढी माणसं असूनही तिथे श्वासाचासुद्धा आवाज नव्हता.

लिफ्टवाल्यानं उंच इमारती आयुष्यभर पाहिल्या होत्या, पण आतून, विहिरीच्या अंधारातून. इमारत अशी भरून येते, हे त्याला ठाऊक नव्हतं. डोळ्यांत पाणी कधी आलं ते त्याला कळलं नाही. शेजारी वॉचमन येऊन उभा राहिला होता. त्यानं टोपी काढून हातात घेतली होती.

"मी भाषण लिहून आणलं होतं," पाहुण्या बाईंचा आवाज चौकात घुमला. "पण ते पाचव्या मजल्यासाठी होतं. तिसऱ्यावर ते चालायचं नाही." पाचही मजले हसले. मग बाई बोलत राहिल्या. वाऱ्यानं अर्धं बोलणं उडून जात होतं. कारखान्यात पहिल्या वर्षी एक यंत्र बंद पडलं होतं आणि दोष कुणाचा हे चार दिवस कुणी सांगितलं नव्हतं, असं काहीतरी होतं. "चार दिवस," त्या म्हणाल्या, "आणि आज इथे चार मिनिटंही लागली नाहीत." पुढचं त्याला ऐकू आलं नाही. पण सगळे चेहरे बाईंवरून शेजारच्या मुलीकडे वळलेले त्याला दिसले, आणि ती मुलगी खाली बघत उभी असलेली दिसली, अगदी जेवणाच्या ताटात बघते तशी.

पुढे काय काय झालं ते सांगायचं तर, विभागानं ठकीला लेखी समज दिली. महिन्याभरानं कागद कारखान्यातून दोन महिन्यांच्या कामासाठी तिला बोलावणंही आलं. आईनं दोन्ही पत्रं एकाच फाइलीत लावली, आणि समज आधी लावली, कारण ती आधी आली होती.

त्या दिवशी मात्र, मुलाखती पुन्हा सुरू झाल्यावर, ठकी कागदी पेल्यांत दोन चहा घेऊन गच्चीवर आली. लिफ्टवाला मशीनच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून कामाचा फॉर्म भरत होता. 'बिघाडाचं कारण' या रकान्यात त्यानं लिहिलं होतं, 'कंट्रोल पॅनेलमधला काँटॅक्ट झिजलेला. कळवण्यास उशीर.'

ठकीनं वाकून वाचलं. "बाबा, 'उशीर' नको. 'सूचनेकडे दुर्लक्ष' लिहा."

"कागदावर राहील," तो म्हणाला. "तुझ्या नावावर."

"राहू दे. उशीर झाला नव्हता. दुर्लक्षच झालं होतं."

आज सकाळपासून तो जेवढं बोलला होता, तेवढं आठवड्यातसुद्धा बोलत नसे. तरी त्याला आणखी एक विचारावंसं वाटलं. "ठके, तुला भीती नाही वाटली?"

"भीती? हे बघा." तिनं हातातला पेला पुढे केला. चहा काठावरून सांडून तिच्या बोटांवर ओघळत होता. बोटं थरथरत होती, दोन्ही हातांची. "सकाळी लिफ्ट अडकल्यापासून थांबतच नाहीयेत. पाय तर असे कापत होते की उभं राहवेना, म्हणून तर दाराशी खाली बसले होते मी. लोकांना वाटलं, आतल्यांशी नीट बोलता यावं म्हणून."

लिफ्टवाल्यानं तिच्या हातातले दोन्ही पेले काढून घेतले आणि उंबऱ्यावर ठेवले. तिचे हात आपल्या ग्रीसनं काळ्या झालेल्या हातांत धरले. आतली थरथर त्याच्या तळहातांना जाणवत होती, आणि ती थरथर अंगात घेऊन या पोरीनं पाच मजले हलवले होते, हे त्याच्या काही केल्या डोक्यात मावत नव्हतं.

खालून कुणीतरी "ताई" म्हणून हाक मारली. ठकीनं हात सोडवून घेतले, ते पाहून हसली, कारण आता तेही काळे झाले होते, आणि ब्लेझरच्या खिशांत घालून जिना उतरून गेली.

लिफ्टवाल्यानं पेनाचं टोपण काढलं. 'कळवण्यास उशीर' खोडलं, आणि त्याच्यावर, चुकू नये म्हणून एकेक अक्षर जपून, तिनं सांगितलेले शब्द लिहिले.